मरळीची राखण

माझं माहेर कासुर्डीचं. तिथं मासा म्हणजे बाजारातून पिशवीत येणारा, कापलेला. जिवंत मासा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो लग्नानंतर, सासरी, भीमेच्या काठावर.

पावसानं दडी मारली होती आणि उसाला पाणी द्यायचं होतं. मोटर पाणी ओढेना, म्हणून मामा, म्हणजे माझे सासरे, पाइपाच्या जाळीत अडकलेलं शेवाळ काढायला उतरले. ओढा नदीला मिळतो तिथं आमचा पाइप सोडलेला आहे. गुडघाभर संथ पाणी आणि दोन्ही बाजूंना दाट लव्हाळी. मामांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, पाण्याशी त्यांचं फारसं सख्य नाही. दोन पावलं गेले असतील-नसतील, "साप! साप!" ओरडत, धोतर सावरत काठावर आले. कुणीतरी पोटरीला धडक मारली होती.

"साप धडक मारतोय व्हय कवा?" आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या. "त्यो काय एडका हाय?"

आम्ही दोघी वाकून बघायला लागलो. लव्हाळ्याच्या आडोशाला पाण्यावर केशरी रंग सांडल्यासारखा दिसत होता. मग तो रंग हलला. ती पिल्लं होती, काडीएवढी, शेकड्यांनी. सगळी एकदम वर यायची, पाण्याला उकळी फुटल्यासारखं व्हायचं, की पुन्हा खाली. त्यांच्याखाली हातभर लांब, काळपट, सापासारख्या डोक्याचा मासा संथ फिरत होता.

"अगं बया, मरळ हाय!" आत्यांचे डोळे चमकले. "पाटी आण गं. झक्कास कालवण हुईल."

"अजाबात न्हाई," मामा म्हणाले. "येलेली हाय ती. येलेल्या मेंढीजवळ कुणी गेलं तर ती गप बसती व्हय?"

आत्या कुरकुरत खाली बसल्या. पिल्लं पुन्हा वर आली. "किती गं ही!" असं दोनदा म्हणाल्या आणि पाटीचं विसरूनच गेल्या.

पण मोटर लावली असती तर पिल्लं जाळीकडं ओढली गेली असती. दुपारी नवरा कंपनीतून आला, तर मामांनी त्याच्या हातात शेडनेटचा तुकडाच दिला.

"आप्पा, ऊस वाळतोय, आन् तुम्ही मासं राखताय?"

"जाळीला गुंडाळ म्हंजी दोन्ही बी जगतील."

मामा काठी घेऊन पुढं उभे राहिले आणि मेंढरं वळवावीत तसं "हुर्रर्र, हुर्रर्र" करत मरळीला बाजूला ठेवू लागले. मी नेट धरलं, नवरा सुतळी बांधत होता. तेवढ्यात मरळ मामांना चुकवून आली आणि माझ्या गुडघ्यावर आदळली. मी साडीसकट पाण्यात बसले आणि हसत सुटले. सासरी इतक्या मोठ्यानं मी तोवर कधी हसले नव्हते. भानावर येऊन वर पाहिलं, तर आत्या पदर तोंडाला लावून माझ्यापेक्षा जास्त हसत होत्या.

जाळीवर नेट बांधून झालं, मोटर सुरू झाली. नवरा काठावर मोबाइल बघत म्हणाला, "ही आई न्हाई. बहुतेक बापच असतोय म्हणं राखणीला."

आत्यांनी मामांकडं पाहिलं. "ऐकलं का? माझी लेकरं वाढली, तवा तुम्ही मेंढरं घिऊन कुठल्या कुठं."

मामांनी काठी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, "आता राखतो की."

आणि त्यांनी खरंच राखली. रोज सकाळी काठावर बसून बगळे हाकलायचे आणि घरी येऊन बातमी द्यायचे. पिल्लांचा केशरी रंग उतरला, ती करडी दिसू लागली, थवा विरळ झाला. एका सकाळी मामा लवकर परतले. मला वाटलं, काहीतरी वाईट झालं. पण चेहरा फुललेला होता.

"गेली समदी," ते म्हणाले. "आपापल्या वाटंनं, नदीत."

त्या दुपारी आत्यांनी शिरा केला आणि पहिली वाटी मामांपुढं ठेवली.