मागची बाजू कोरी आहे का?

जुनी सिनेमाची पोस्टरं विकत घेणारा माणूस पुण्याचा असो, कोलकात्याचा असो की थेट परदेशातला, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मागची बाजू कोरी आहे का? समोर घोड्यावर बसलेली नायिका, तिच्या हातात बंदूक, मागे पेटलेलं आभाळ, हे सगळं राहिलं बाजूला. आधी मागचं सांगा. मुलगी बघायला येऊन नुसती तिची पाठ बघून जाणाऱ्यांसारखा हा प्रकार मला वाटायचा आणि सुरुवातीला मी चांगलीच वैतागायचे. कारण आमच्या घरातली बरीचशी पोस्टरं अशी होती, की त्यांची पाठ पोटाइतकीच रंगलेली होती.

तो उद्योग माझ्या सासऱ्यांचा. मी त्यांना मामाजी म्हणते. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात त्यांची धानाची शेती, पण तरुणपणी त्यांचा जीव नांगरापेक्षा ब्रशात जास्त. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दिवसा बाजार आणि नाच-गाण्याची दंडार, रात्री नाटक. तेव्हा ते नाटक गावातलीच पोरं बसवायची आणि त्याची जाहिरात मामाजी रंगवायचे. एवढा मोठा, जाड कागद गावात मिळायचा नाही आणि मिळाला तरी परवडायचा नाही. मग ते सायकल मारत गोंदियाला जायचे. तिथल्या एका टॉकीजचा मॅनेजर उतरलेल्या सिनेमांची उरलेली पोस्टरं त्यांना देऊन टाकायचा. पुढून सिनेमा, मागून पांढरा कागद. त्या पांढऱ्या बाजूवर मामाजी आपलं नाटक रंगवायचे आणि गावाच्या तोंडाशी दोन बांबूंच्या मध्ये ते बांधून ठेवायचे. रात्रीच्या दवानं अक्षरं फुटू नयेत म्हणून रंगात लाखेचं पाणी घालायचे. ते रंग इतके पक्के, की ओल्या फडक्यानं पुसलं तरी हलायचे नाहीत.

पुढे छापील जाहिराती आल्या, गावच्या पोरांच्या जागी बाहेरच्या नाटक कंपन्या आल्या आणि मामाजींचा ब्रश दाराच्या चौकटींपुरता उरला. पोस्टरं मात्र पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात जपलेली होती. काहींच्या पाठीवर नाटकं, बाकीची कोरी.

मी गोंदियाची. निम्मं बोलणं हिंदीत, मंडई-बिंडई आमच्या मोहल्ल्यात कोणाला ठाऊक नाही. लग्न होऊन आले तेव्हा ती पेटी मला अडगळच वाटली होती. नंतर तिरोड्याला वीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, माझा नवरा तिथे नोकरीला लागला आणि त्याच्याबरोबरचा एक इंजिनिअर एकदा घरी जेवायला आला. पेटी उन्हात उघडून ठेवलेली होती. तो माणूस पोस्टरं बघत उकिडवा बसला आणि भात गार होईपर्यंत उठला नाही. ही पोस्टरं लोक विकत घेतात, इंटरनेटवर, असं त्याच्याकडून कळलं. मी आधी हसले. मग दुसऱ्याच आठवड्यात तिरोड्याच्या नेट कॅफेत जाऊन बसले.

ते दिवस फार मजेचे होते. बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरायचं, त्यावर पोस्टर ठेवायचं, फोटो काढायचा, कॅफेत जाऊन चढवायचा आणि वाट बघायची. कोणीतरी कुठूनतरी विचारायचंच. मग पाठवणीची तयारी. घडी घातली की गिऱ्हाईक रडतं, म्हणून पोस्टर गुंडाळून नळाच्या पाइपात घालायचं. पाइपासाठी मी गोंदियाच्या हार्डवेअरच्या दुकानात जायचे. "मॅडम, इतने छोटे टुकडों का करती क्या हो? नल लगाना है या बाजा बनाना है?" असं तो दुकानदार दर खेपेला विचारायचा. गुंडाळायचं काम सासूबाईंचं. तरुणपणी त्यांनी बिड्या वळल्या होत्या. त्यांनी वळलेलं पोस्टर इतकं सारखं बसायचं, की पाइपात घालताना कुठे अडायचं नाही. त्यानंतर पाइप मांजरपाटात शिवायचा, शिवणीवर लाखेचे ठिपके द्यायचे आणि पोस्टात न्यायचा. पोस्टातले बाबू पाइप हातात घेऊन तो उगाच हलवून बघायचे. "बंदूक-बिंदूक तं नाई ना वो बाई यात?" ते विचारायचे. "आहे ना," मी म्हणायचे, "पण बाईच्या हातात आहे आणि ती घोड्यावर बसलीय." मग शिक्का बसायचा.

पत्त्याची चिठ्ठी चिकटवायला डिंक लागायचा, तो मामाजींच्या हातचा. गोंदियाचं नावच गोंदावरून पडलं असं सांगतात, पण मामाजींना दुकानातल्या गोंदाच्या बाटलीचा भारी राग. बाभळीचा डिंक ते स्वतः निवडायचे, भिजवायचे, गाळायचे आणि बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. दिवाळीआधी घराला चुना लावायचा तरी त्यात तोच डिंक. एका वर्षी नवऱ्यानं डिंकाशिवाय चुना कालवला, तर मामाजींनी अख्खी बादली ओतून दिली. "बिनडिंकाचा चुना भिताडाले नाई लागत," ते म्हणाले, "टेकनाऱ्याच्या पाठीले लागते."

कोरी पोस्टरं भराभर गेली. मग उरली ती मागून रंगलेली. त्यातलंच एक घोडेवालीचं. पुण्याच्या एका संग्राहकानं त्याचा फोटो पाहिला आणि जी किंमत सांगितली, तिच्यात घरी कॉम्प्युटर आला असता आणि माझे कॅफेचे हेलपाटे संपले असते. मी हरखून गेले. दोन दिवसांनी त्याचा ठरलेला प्रश्न आला. मी खरं तेच कळवलं. उत्तर आलं, मागे रंगकाम असेल तर अर्ध्या किमतीत घेईन, कोरं असेल तर पूर्ण देईन.

त्या दिवशी जेवण वाढताना माझी टकळी सुरू होती. "एवढं देखणं पोस्टर, आणि मागे सगळं माखून ठेवलंय. कोरं असतं तर काय बहार झाली असती!"

"कोनतं पोस्टर?" मामाजींनी विचारलं.

"घोडेवालीचं. मागे कुठलंतरी नाटक आहे."

सासूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. "कुठलंतरी?" त्या म्हणाल्या. "विचार याईले, कोनतं नाटक ते."

मामाजींनी मान खाली घातली आणि मग ती गोष्ट मला सासूबाईंकडून कळली. मंडईत आमच्याकडे नुसता बाजार होत नाही, सोयरिकीही जुळतात. पाहुणे येतात, मुलं-मुली नजरेखालून जातात, दिवाळीनंतरच्या बोलण्यांची सुरुवात तिथेच होते. सासूबाई आपल्या वडिलांबरोबर बहिणीच्या गावी, म्हणजे आमच्याच गावी, मंडईला आल्या होत्या. गावाच्या तोंडाशी त्यांना ती जाहिरात दिसली. तिच्यावर नऊवारी नेसलेली, नाकात टपोरी नथ घातलेली एक बाई रंगवली होती. रात्री नाटकात तीच बाई आली, बोलली, रडली, आणि बायाबापड्यांना रडवून गेली. सकाळी बहिणीच्या अंगणात एक मिसरूड फुटलेला पोरगा चहा पीत बसला होता आणि त्याच्या कानामागे रात्रीची पावडर तशीच होती. तेव्हा बायांची कामं पोरंच करत. तो पोरगा म्हणजे मामाजी. जाहिरातीवरची नथवाली त्यांनी आरशात स्वतःला बघूनच काढलेली.

"माह्याहून बेस नेसले होते लुगडं," सासूबाई म्हणाल्या. "मी बापाले सांगितलं, याले नेसता येते म्हंजे समजूतदार असन."

आम्ही सगळे हसलो. मामाजी हसले नाहीत, ते भात कालवत राहिले. मला वाटलं लाजले. त्या पोस्टराचं काय करायचं, ते मी कोणाला विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. अर्ध्या किमतीत द्यावं की आणखी थांबावं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी मी पाइपांसाठी गोंदियाला गेले. दुपारी परत आले, तर अंगणात बाजेवर ते पोस्टर पालथं घातलेलं आणि मामाजी हातात ब्रश घेऊन वाकलेले. शेजारी टमरेलात कालवलेला चुना. पाठ पांढरीफट्ट झाली होती. नथवाली नाही, नाटकाचं नाव नाही, काही नाही.

"मामाजी! हे काय केलं तुम्ही?"

"कोरं केलं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी शांत होता, थोडा खूशही. "तूच तं म्हनून राहिली होतीस, कोरं पायजे म्हून. लिहून दे त्याले."

मला आधी राग आला आणि लगेच रडू आलं. कोणावर रागवायचं तेच कळेना. कॉम्प्युटर हवा होता मला, आणि त्यासाठी या म्हाताऱ्यानं आपल्या हातानं आपला चेहरा पुसून टाकला होता. मी काही बोलणार, तेवढ्यात सासूबाई शेतावरून आल्या. डोक्यावरचा भारा त्यांनी उतरवला नाही. तसंच उभं राहून बाजेकडे पाहिलं.

"काऊन पुसलं?" त्यांनी विचारलं.

मामाजींनी ब्रश टमरेलात ठेवला.

"पुसा. मलेबी पुसून टाका आता," असं म्हणून त्या आत गेल्या.

त्या दिवसापासून सासूबाईंनी मामाजींशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, पण तोंडातून शब्द नाही. मामाजी ओसरीवर बसून राहायचे. घरात इतकी शांतता मी लग्न झाल्यापासून पाहिली नव्हती. ते कोरं झालेलं पोस्टर वाळून थोडं वाकडं झालं होतं आणि मी ते कपाटावर ठेवून दिलं होतं. पुण्याच्या माणसाला कळवण्याचं धैर्य मला होत नव्हतं, आणि खरं सांगते, इच्छाही होत नव्हती.

मग एका सकाळी कपाट झाडताना सासूबाईंनी ते पोस्टर खाली काढलं. त्यांचा पदर त्यावरून सहज फिरला आणि पदराला पांढरी पूड लागली. त्या थांबल्या. पदर पुन्हा फिरवला, या वेळी जरा दाबून. चुन्यातून नथीचे मोती वर आले. त्यांनी मला हाक मारली नाही, पण मी बघतच होते. त्या जमिनीवर बसल्या आणि पदरानं सगळी पाठ हळूहळू पुसून काढली. मोत्यांनंतर नाक, डोळे, कपाळावरचं कुंकू, मग नाटकाचं नाव आणि गावाचं नाव. रंग कुठेही फुटला नव्हता. सासूबाईंचा पदर पांढरा आणि चेहरा लाल झाला होता.

मी त्याच दिवशी कॅफेत जाऊन पुण्याला कळवलं, की पोस्टर विकायचं नाही. संध्याकाळी नवऱ्यानं सगळं ऐकलं आणि तो पोट धरून हसला. "बरं झालं पाठवलं नाही," तो म्हणाला, "बाबांनी त्या माणसाला खराखुरा चुना लावला असता." सुतारानं चौकट करून दिली. पोस्टर बैठकीत टांगलं ते पाठ पुढे करून. घोडेवाली भिंतीकडे तोंड करून बसली, आणि तिच्यासाठी पुण्याहून जीव टाकणारा माणूस होता हे तिला कधी कळलंही नाही.

चौकट टांगून झाल्यावर सगळे बैठकीत बसलो होतो. मामाजी नथवालीकडे बघत होते. सासूबाई चहाचे कप घेऊन आल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांनी त्या पहिल्यांदा बोलल्या.

"चुन्यात डिंक नोयता टाकला?"

मामाजींनी डोळे चौकटीवरून काढले नाहीत. "सरला होता," ते म्हणाले.

डिंकाची बाटली बैठकीतल्या माझ्या टेबलावरच होती, अजूनही अर्ध्याहून जास्त भरलेली. चुना लावला त्या दिवशी सकाळी त्यांनीच ती भरून आणून ठेवली होती आणि मी गोंदियाला निघण्याआधी तिच्यातूनच पत्ते चिकटवले होते. सासूबाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि कप पुढे केला.

"चाय घ्या," त्या म्हणाल्या. "थंडा होऊन राहिला."