विमानतळ मागे राहिला

व्हिएन्ना हे फार देखणं शहर आहे. आम्ही तिथे दशम्या खाल्ल्या.

आता हे असं का झालं, ते सांगते. सौदीत, अल-खोबरला, आम्ही दहा-अकरा वर्षं काढली आणि त्यातलं प्रत्येक वर्ष 'यंदा युरोप' म्हणून सुरू झालं. एकदा आमच्या लेकीची, सईची परीक्षा आडवी आली, एकदा सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, एकदा नुसताच आळस. मग आलं सौदायझेशन! कंपनीतल्या एकेका खुर्चीवर स्थानिक माणूस बसवायचा, असा सरकारी हुकूम. माझा नवरा अविनाश तिथे अकाउंट्सचा प्रमुख. त्याची खुर्ची माजिदला मिळणार हे ठरलं, आणि माजिदला काम शिकवायचं कामही अविनाशकडेच आलं. (सासरी पाठवायची मुलगी आपणच नटवायची, तसं.) माजिद मात्र गुणी. खोबरची निम्मी जनता उन्हाळ्यात व्हिएन्नाला जाते, त्यातलाच तो. म्हणाला, "यल्ला, जाण्याआधी व्हिएन्ना बघून घ्या. आणि केक खा!"

अविनाश घरी आला तो हसतच. "शुभा, खलास! तीन-चार महिन्यांत फायनल एक्झिट, कायमचं भारतात. पण त्याआधी व्हिएन्ना!" असं म्हणून सोफ्यावर बसला, आणि बूट न काढता बराच वेळ तसाच बसून राहिला.

मी लगेच स्वयंपाकघरात गेले. मला दुःख झालं की मी कणीक मळते. शिवाय परक्या मुलखात काय मिळेल, कसं मिळेल! दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, गुळपोळ्या केल्या. सई बारावीला होती, ती वरच्या मजल्यावर रुखसानावहिनींकडे राहणार होती. वहिनी रत्नागिरीच्या. त्यांनी वर नारळाच्या वड्यांचा डबा आणून दिला. "ऱ्हावंदे गो, वाटेत भूक लागता." एवढं सगळं एका बॅगेत भरलं, तेव्हा अविनाश म्हणाला, "शुभा, आपण युरोपला चाललोय की युद्धावर?"

व्हिएन्नात पोचलो. मी हॉटेलातून निघताना दर वेळी खुंटीवर अबाया, तो सौदीतला काळा बुरखा, शोधत होते, आणि अविनाश खिशात इकामा चाचपत होता. सौदीत इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जवळ नसला तर माणसाला माणसात धरत नाहीत. बाकी सगळं स्वप्नासारखं! राजवाडे, कारंजी, घोडागाड्या. आणि कोपऱ्याकोपऱ्यावर केकची दुकानं! अविनाश एका काचेपुढे खिळून उभा राहिला.

"शुभा, एकच. दोघांत एक."

"आधी बॅगेतलं संपवू. वाया जाईल."

"जाऊ दे ना वाया!"

"तूप घालून केल्यात!"

इथे संवाद संपला. आमच्या घरात तुपापुढे कुणी बोलत नाही.

मग राजवाड्यासमोर बाकावर बसून दशमी. संग्रहालयाच्या पायऱ्यांवर गुळपोळी. चर्चच्या सावलीत दशमी आणि चटणी. (कबुतरांनीही चटणी घेतली नाही.) एका बागेत तर समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याने आमच्याकडे बराच वेळ कळवळून पाहिलं आणि जाताना आम्हाला एक सफरचंद देऊ केलं. आम्ही घेतलं. नाही कसं म्हणणार?

शेवटच्या दिवशी सकाळी बॅग रिकामी झाली. विमान संध्याकाळचं. अविनाशने हॉटेल सोडलं आणि मला सरळ एका जुन्या खानावळीत नेलं. सगळी थकबाकी एका जेवणात वसूल करायची होती! श्नित्झेल आलं, तळलेल्या मांसाचा असा पापुद्रा की ताटाबाहेर लोंबत होता. बटाट्याचं सॅलड आलं. सफरचंदाचं स्ट्रूडल आलं. गोड धिरडं चुरून त्यावर साखर भुरभुरवलेला एक प्रकार आला. शेवटी माजिदचा केक, वर क्रीमचा डोंगर. अविनाशच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय झालं?" मी घाबरले.

"काही नाही गं. हे पहिल्या दिवसापासून खाता आलं असतं."

मी केकमध्ये तोंड घातलं.

मग विमानतळाची बस. विमानाच्या पाच तास आधी निघायचं ही अविनाशची सवय. तिच्यावर मी लग्नापासून हसत आले. ड्रायव्हरला विचारलं, "एअरपोर्ट?" त्याने मान हलवली. त्या मानेचा अर्थ 'एअरपोर्टवरूनही जाते' असा होता, हे नंतर कळलं. आत उबदार गादी, काचेतून हलकं ऊन, पोटात श्नित्झेल. दोन मिनिटांत दोघेही गार!

फोनने जाग आली. सई.

"मम्मी, मी तुमचं लोकेशन बघतेय. व्हाय आर यू गाइज इन स्लोव्हाकिया?"

"कुठे?"

"स्लोव्हाकिया! इट्स अ डिफरंट कंट्री, मम्मी!"

बाहेर पाहिलं. खाली ही मोठी नदी, वर टेकडीवर किल्ला, आणि पाट्यांवरची भाषाच बदललेली. बस एका पुलाखाली थांबली होती आणि ड्रायव्हर आमच्या बॅगा काढून ठेवत होता. "ब्रातिस्लाव्हा," तो म्हणाला. "फिनिश."

देश बदलला आणि कुणी उठवलंसुद्धा नाही! खोबरहून पुलावरून बहरीनला जायचं तर गाड्यांच्या रांगेत पोरं मोठी होतात!

पण हसायची वेळ नव्हती. सौदीत परतायचा आमचा परवाना दुसऱ्या दिवशी संपत होता. विमान चुकलं तर 'गेला तो आलाच नाही' असा शिक्का, मग परत पाऊल ठेवायची बंदी. आणि तिकडे सई वहिनींकडे, बोर्डाची परीक्षा तोंडावर! अविनाशने ड्रायव्हरला काय दाखवलं असेल? इकामा! ड्रायव्हरने तो उलटा धरून वाचला आणि म्हणाला, "नेक्स्ट बस, वन अवर."

हिशेब केला. तासाभराने निघालो तरी विमान मिळत होतं. अविनाशच्या पाच तासांना मी मनात हात जोडले.

म्हणजे एक तास मोकळा. रस्त्यापलीकडे दगडी गल्ल्या सुरू होत होत्या, कॉफीचा वास येत होता, कुणीतरी व्हायोलिन वाजवत होतं.

"अरे, एक चक्कर मारून येऊ?"

"आणि बस लवकर आली तर?"

मी त्याला ओढायला हवं होतं. पण माझेही पाय निघेनात. आम्ही बॅगांवर बसून त्या बसच्या खांबाची राखण केली. थोड्या वेळाने अविनाश म्हणाला, "खोबरमध्येही आपण असेच बसलो ना गं? बॅगा भरून. तिथले अबहाचे डोंगर राहिले, अल-उलाची लेणी राहिली. जाऊ जाऊ म्हणत."

मी तोंड उघडलं, तर ढेकर आला.

शेजारी बसची वाट बघणाऱ्या एका आजीबाईंना आमची दया आली असावी. त्यांनी खुणेने फोन मागून आमचा फोटो काढला. मग बस आली, विमान मिळालं. खोबरला दारातच रुखसानावहिनी म्हणाल्या, "इलास गो बाय! पोरीन रातभर डोळो मिटूक नाय." सई मात्र माझ्याशी दोन दिवस फक्त इंग्रजीत बोलली.

पुढे फायनल एक्झिट लागला. आता आम्ही सांगलीत असतो. युरोप पुन्हा झालं नाही. आधी सईची फी, मग अविनाशचे गुडघे. कधी कधी तो जेवता जेवता मध्येच थांबतो आणि म्हणतो, "तो केक, शुभा…" मी आमटी वाढते.

त्या सगळ्या सफरीत आम्ही दोघं एकत्र असलेला तो एकच फोटो. आजीबाईंनी किल्ला कापला, नदी कापली, बॅगा मात्र चाकांसकट पूर्ण घेतल्या. पाहुणे विचारतात, "हे कुठलं हो?"

"व्हिएन्ना," मी सांगते. खरं सांगितलं, तर ब्रातिस्लाव्हात काय पाहिलं म्हणून विचारतात. तिथला बसस्टॉप फार स्वच्छ आहे!