इंद्रायणीने बेतलेला राजा

महाळुंगे पडवळला इंद्रायणीचं शिलाई मशीन पडवीत, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेलं आहे. कोण मंचरच्या बाजाराला निघालं आणि कोण परत आलं, हे तिला मान वर न करता कळतं. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, सगळं तिच्याकडेच येतं. हात चालतो तसं तोंडही चालतं. गिऱ्हाइकाला ब्लाऊज उशिरा मिळाला तरी गप्पा वेळेवर मिळतात.

यंदाच्या थंडीत शाळेतल्या आरती मॅडमनी वाचनालयाचा एक कार्यक्रम ठरवला. वाचनालय म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची खोली, दोरीला चिमट्यांनी लटकवलेली पुस्तकं आणि खाली सतरंजी. सगळ्यांनी एकच गोष्ट वाचायची आणि येत्या शनिवारी पालकांसमोर ती करून दाखवायची, असं ठरलं. पुस्तकाच्या कव्हरवर राजा होता. लाल अंगरखा, टोकदार मिशा, कमरेला तलवार.

शाळा सुटली तशी पोरं थेट इंद्रायणीच्या पडवीत. सार्थक सगळ्यांत पुढे.

"मावशी, मला राजा करा."

त्याच्या मागच्यालाही राजाच व्हायचं होतं आणि त्याच्या मागच्यालाही. इंद्रायणीला काय, तिने मंचरहून लाल साटीन आणलं आणि मापं घेऊन बेतायला बसली. पहिला अंगरखा बेतून झाला आणि कात्री थांबली.

"काय रं, ह्यो राजा घोड्यावर बसतो का पायी हिंडतो? बसत आसंल तर मागनं फाट ठेवाया लागंल."

सार्थकने मागच्याकडे पाहिलं. मागच्याने त्याच्या मागच्याकडे.

"राजाय ना, मावशी. बसत आसंल घोड्यावर."

"आसंल म्हंजी? गोष्टीत काय करतो त्यो?"

"राज्य करतो."

"वाचलंय का कुणी?" पोरं एकमेकांना कोपराने ढोसायला लागली. इंद्रायणीने कात्री खाली ठेवली. "मंग आदी वाचून या. तवर मी सुई लावायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी पोरं आली ती पडेल चेहऱ्याने. कव्हरवरचा तो रुबाबदार राजा पहिल्या पानावर जेवून आडवा होतो आणि उठतो ते एकदम शेवटच्या पानावर. मधे जे काय घडतं ते कुंभाराचं गाढव घडवतं. राजवाड्यात घुसतं, प्रधानाची पगडी खातं, वर शहाण्यासारखं बोलतं.

"मावशी, मला गाढव करा," सार्थक म्हणाला.

"मलापण," मागचा म्हणाला.

इंद्रायणी हसून हसून मशीनवर वाकली. आदल्या दिवसापर्यंत राजे होते तेवढीच आता गाढवं झाली होती. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, कुंभाराची दोन-तीन गाढवं असायला काय हरकत आहे. मग कॉलरच्या कॅनव्हासचे ताठ कान झाले, गाढवांना लाल साटीनच्या झुली झाल्या.

वैष्णवी मात्र सगळ्यांत शेवटी उभी होती. तिने पुस्तक दोनदा वाचलं होतं.

"मला विहीर व्हायचंय, मावशी. विहिरीला लई भारी बोलणं हाय. गाढव काय बी म्हणलं की ती उलटून बोलती."

आयुष्यात इंद्रायणीने विहिरीचं माप कधी घेतलं नव्हतं. तिने बांबूच्या जुन्या पाटीचा तळ कापला, ती वैष्णवीच्या कमरेभोवती बसवली आणि खाली करडं अस्तर सोडलं. वैष्णवी चालली की विहीर हलायची, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

एवढं झालं आणि पहिला बेतलेला अंगरखा तसाच उरला. झोपून राहायचं काम कुणालाच नको होतं.

"तुमीच व्हा की राजा," सार्थक म्हणाला. "मोठाच बेतलाय तुमी त्यो. तुमाला नीट व्हईल."

तिने चार वेळा नाही म्हटलं आणि तेवढ्यातच तो अंगाला लावूनही पाहिला.

शनिवारी शाळेच्या पटांगणात सतरंजी अंथरली होती. कोवळं ऊन पडलं होतं. इंद्रायणी काजळाच्या मिशा काढून आडवी झाली. आठवडाभर दुपारची डुलकी मोडून कान, झुली आणि विहीर शिवलेली बाई ती. प्रधानाची पगडी जायच्या आतच तिला गाढ झोप लागली. थोड्या वेळाने घोरणं सुरू झालं.

"काय झ्याक करती राव," मागून कुणीतरी म्हणालं. तिचा नवरा कुंडलिक मोबाईलवर शूटिंग करत होता. त्याला हे घोरणं घरचं होतं, पण त्याने मोबाईल तसाच धरून ठेवला. वैष्णवी मात्र विहिरीतून वाकून पाहत म्हणाली, "हळू बोल गाढवा, म्हाराज दमल्यात." हे पुस्तकात नव्हतं.

शेवटच्या पानावर गाढव ओरडतं आणि राजा उठतो. सार्थक ओरडला, राजा उठेना. मग सगळी गाढवं एकदम ओरडली. इंद्रायणी ताडकन उठून बसली, मिशी गालावर पसरलेली, आणि समोरच्या गर्दीला म्हणाली, "कुणाचा ब्लाऊज ऱ्हायलाय?"

पटांगणात हसण्याचा असा धुरळा उडाला की मॅडमना आभार मानायला बराच वेळ थांबावं लागलं.

पुढचे दोन दिवस इंद्रायणीने लाजून मशीनचं तोंड भिंतीकडे ठेवलं. पण एक गोष्ट तिला राहून राहून टोचत होती. सगळ्या गावाने नाटक पाहिलं, तेवढं तिनेच पाहिलं नव्हतं. शेवटी ती वाचनालयात गेली आणि पुस्तक घेऊन आली. ते संपलं तेव्हा दुसरं आणलं, जाडजूड, एकही चित्र नसलेलं.

आता मशीन पुन्हा रस्त्याकडे वळलं आहे, पण त्याच्यावर बऱ्याचदा पुस्तकच उघडं असतं. परवा शेजारच्या साळुबाई ब्लाऊज न्यायला आल्या. बाह्या अजून लागायच्या होत्या.

"एवढं पान हू द्या, काकू."

साळुबाईंनी पायरीवर बैठक मारली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मंग मोठ्यानं तरी वाच. मी काय नुसती तुझ्या तोंडाकडं बघत बसू?"

इंद्रायणीने पानं उलटी चाळली आणि त्यांच्यासाठी पहिल्यापासून सुरुवात केली.