ठरलं म्हणजे झालं

माझे बाबा घरात कधी बसले नाहीत. देश नुकताच स्वतंत्र झालेला, आणि तो सगळा आपल्यालाच चालवायचाय अशा घाईत ते असत. पहिल्याच निवडणुकीत आमदार झाले आणि आमच्या चामोर्शीच्या घराची धर्मशाळा झाली. आई म्हणायची, "पाहुणे तरी हात धुऊन दोन घटका टेकतात."

त्यांचा तो उतावळेपणा माझ्यात उतरला. चांगलं काही उतरलं नाही, हे मात्र बरोब्बर उतरलं.

दुसऱ्या निवडणुकीत मी चौदा वर्षांची होते. परक्या पुरुषाशी बायका मोकळेपणाने बोलत नसत, म्हणून बाबांनी मला प्रचाराला सोबत घेतलं. "बाप्यायले मी सांगतो, बायायले तू सांग," एवढंच माझं काम. आलापल्लीच्या पलीकडे जंगलात एक गोंड गाव होतं. बाबांनी तिथे विहीर बांधून दिली होती आणि आता शाळा कबूल केली होती. त्या गावात काहीही ठरवायचं तर सगळे एकत्र बसत, आणि शेवटचा माणूस हो म्हणेपर्यंत उठत नसत. आम्ही पोचलो तेव्हा त्यांची बैठक आटोपली होती. गावाचा प्रमुख, त्याला भुमिया म्हणत, बाबांना म्हणाला, "सारं गाव तुमचं, भाऊ."

बाबा खूश. लगेच बैल जुंपायला सांगितले, कारण पुढची गावं राहिली होती.

तेवढ्यात एक म्हातारी माझ्यामागे धावत आली. "पोरी, मत टाकाले आमी सारेच यावं का?"

मतदान आलापल्लीला, म्हणजे दिवसभराची पायपीट. बाबा गाडीतून हाका मारून राहिले होते. मी म्हटलं, "तुमचं ठरलं नं आजी? ठरलं म्हणजे झालं!" आणि गाडीत चढले.

निवडणुकीत बाबा पडले. इतक्या थोडक्यात पडले, की ते एक गाव आलं असतं तरी निभावलं असतं.

निकालानंतर काही दिवसांनी भुमिया वाळल्या भोपळ्याचा तुंबाभर मध घेऊन आमच्या ओट्यावर हजर. बाबा निवडून आले असं धरूनच आला होता. "सारं गाव पेटीत टाकून आलो भाऊ मी. एकटाच गेलो होतो!"

"बाकीचे काऊन नाई आले?"

"काऊन येतीन? तुमच्या पोरीनंच सांगतलं, ठरलं म्हणजे झालं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"बरोबर सांगतलं तिनं," बाबा म्हणाले.

"मंग शाळा कधी?"

"पाहतो." आपण पडलो हे त्यांनी त्याला सांगितलं नाही.

भुमिया गेला. बाबा दोन्ही चपला काढून ओट्यावर बसले, ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी सुटले असते.

शाळा झाली, पण फार उशिरा. तोवर म्हातारीची नातवंडं गुरं राखतच मोठी झाली.

आता माझी ऐंशी उलटली. घरातली पोरं ओरडतात, "आजी, जराशी बस नं वं!" मला बसवत नाही. बसलं की तो ओटा दिसतो, आणि खाली काढून ठेवलेल्या त्या चपला.