उकिरड्यातला बिडीकट्टा

मंडळी, आज शहापूरच्या चहाटपरीवर मित्रानं "उद्यापासून बंद" म्हणत बिडीचा कट्टा, अख्खं बंडलच, नालीत फेकला. मला किळस आली. त्याची नाही, माझीच.

ब्याऐंशी साली मी वरठीला कारखान्यात होतो. बिडी सोडायची तयारी म्हणून मीही कट्टा घरामागच्या उकिरड्यात फेकला होता. सकाळी शेणातून तोच उकरून काढला, लुंगीला पुसला आणि त्यातली एक बिडी पेटवली.

शेणाचं टोपलं घेऊन बायको मागं उभी होती. एवढंच म्हणाली, "त्या हातानं पोरीले घास नोका भरवू."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बिडी मात्र आणखी चार वर्षं जात होती.

आज टपरीवरून उठलो, तर मित्र नालीतच पाहून राहिला होता. खरं सांगा, फेकलेलं परत उचलायला तुमचा हात कुठवर गेला होता?