वाघोलीपर्यंतची सोबत

टेम्पोवाल्याकडे एखादवेळी डिझेल संपेल, पण किस्से संपायचे नाहीत. लोकांची घरं देऊळगाव राजातून उचलायची आणि पुण्यात नेऊन टाकायची, हे काम मी आणि सादिक मिळून करतो. गाडी दोघांची. भाव ठरवणं माझ्याकडे, स्टेअरिंग त्याच्याकडे. मला गाडी येते, पण पुण्याचं ट्रॅफिक पाहिलं की हातपाय गळतात. म्हणून पुण्याच्या वेशीवरची वाघोली ओलांडेपर्यंत मी स्टेअरिंगला हात लावत नाही.

सादिकची एक सवय आहे. ताडपत्रीवरच्या दोराची शेवटची गाठ मारली की तो घरमालकाला विचारणारच, "काऊन चालले, भाऊ?"

मी वैतागायचो. "तुले काय करायचं बे? आपल्याले भाडं भेटलं ना!"

तर म्हणे, "माणूस गाव सोडून राह्यला. कोनी तं विचारलं पायजे!"

आणि लोक कारणं तरी काय एकेक देतात!

आमच्या गल्लीतले एक रिटायर सर. त्यांना विचारलं तर म्हणाले, "इथं धूळ लय झाली. मॅडमले सहन नाही होत." झालं, धुळीपासून वाचवायला दोघांना पुण्याला नेलं. फ्लॅट नवाकोरा, आणि चारी बाजूंनी आणखी बिल्डिंगा उठत होत्या! मॅडमनी चहा आणला तो कपावर बशी झाकून. बशीवर पांढरा थर.

सादिक अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाला, "सर, धूळ आपल्याच गाडीत बसून आली वाटते!"

सर हसले. मॅडम नाही हसल्या.

आमच्याकडच्या उंद्रीच्या एका कुटुंबाचं कारण पाण्याचं. वहिनी म्हणाल्या, "तिकडं चोवीस तास नळ हाय!" पाणी भरायचा निळा ड्रम त्यांनी शेजारणीला देऊन टाकला. मी म्हटलं, राहू द्या, गाडीत जागा आहे. "भाऊजी, पुण्यात ड्रम कायले लागते?"

पुण्यात सोसायटीच्या गेटवर आमच्या पुढे पाण्याचा टँकर उभा! तो आत गेल्याशिवाय आमची गाडी आत घेईनात. उन्हाळ्यात वहिनींचा फोन आला, "भाऊजी, पुढच्या खेपेले तेवढा ड्रम आणता का?" शेजारीण ड्रम परत द्यायला तयार होईना, कारण त्यात तिचे गहू होते. तेव्हापासून आम्ही आधी ड्रम चढवतो, मग माणसं.

सुलतानपूरचं एक नवीन जोडपं होतं. सूनबाई फणकाऱ्यानं म्हणाली, "इथं लोक लय चौकशा करतात. कुठं चालली, काऊन चालली, कोनाकडे चालली!" सादिक नुकतंच तेच विचारून बसलेला!

पुण्यात गेटवर वॉचमननं गाडी अडवली. कुठून आले, कोणाकडे आले, किती वेळ थांबणार? मग गाडीचा नंबर, मग आमचे फोटो, मग मोबाईलवर ओटीपी. वर सूनबाईंना म्हणतो, "मॅडम, तुम्ही यांना ओळखता ना?"

सादिक माझ्या कानात म्हणाला, "आमच्याकडं सोयरीक जुळवतांनी बी एवढं विचारत नाहीत बे!"

अशी सगळ्यांची टिंगल आम्ही परतीच्या वाटेवर करायचो. रिकामी गाडी, सुप्याच्या पुढच्या ढाब्यावर दाल-रोटी आणि हसून हसून ठसका. खरं सांगतो, भाड्यापेक्षा मला तीच कमाई वाटायची.

आणि मग सादिकच्याच घरी कारण निघालं. त्याचा मुलगा इम्रान पुण्यात एसी दुरुस्त करतो. त्याला मुलगी झाली आणि सादिकच्या बायकोनं, नसीम भाभींनी, जाहीर केलं, "आता मी नातीजवळ राहणार. तुम्हाला यायचं तं या, नाही तं तुमच्या गाडीजवळ राहा!" सादिक महिनाभर टाळत राहिला. शेवटी तयार झाला. मला फार वाईट वाटलं. धंद्याचं सोडा, त्याच्याशिवाय परतीचा रस्ता संपायचा कसा?

त्याचं सामान आम्ही दोघांनीच चढवलं. शेवटची गाठ मी मारली. आता विचारायची पाळी माझी होती, पण मी तीच गाठ उगाच पुन्हा आवळत राहिलो. सादिक थोडा वेळ वाट पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "चाल, बस."

पुण्यात सामान उतरवलं, भाभींनी चहा पाजला, नात मांडीवर घेऊन झाली. ठरलं होतं असं की, वाघोलीपर्यंत गाडी तो काढून देणार, तिथून सिटी बसनं परत घरी येणार आणि पुढं गाडी मी एकट्यानं आणायची. भाभींनी बजावलं, "जेवायला घरीच या. खिचडा टाकते."

वाघोली आली. सादिक धुळीवाल्या मॅडमचा किस्सा सांगत होता. वाघोली गेली. तो ड्रमवर आला. शिक्रापूर गेलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. शिरूरही गेलं.

सुप्याच्या पुढे त्यानं नेहमीच्या ढाब्यावर गाडी लावली, खाटेवर मांडी घातली आणि दाल-रोटी सांगितली. ढाब्यावर आम्ही दोघं आणि खाटेखाली एक बकरी. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. भाभींचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. "अजी, कहाँ हो? खिचडा ठंडा हो रहा है!"

सादिकनं माझ्याकडे पाहिलं. मी बकरीकडे पाहिलं.

"क्या करूं, वाघोली में फंसा हूं," तो म्हणाला. "ट्रॅफिक बहोत है!"

नेमकी तेव्हाच बकरी ओरडली.

सादिकनं फोनवर हात दाबला आणि दात-ओठ खात मला म्हणाला, "पाहून काय राह्यला बे? जाय ना, हॉर्न वाजव!"

मी पळत गेलो आणि हॉर्न दाबून धरला.