हात वर करून निवडलेला बँड

आमच्या बेटावरच्या कार्तिए मिलितेर या गावात आमचा चौघांचा बँड होता आणि तो आमच्या मराठी मंडळाच्या मालकीचा होता. म्हणजे अँप्लिफायर मंडळाचा, आम्ही त्याला जोडलेले. गणपती, भाषेचे वर्ग आणि भांडणं हे मंडळाचं काम. त्यामुळे बँडमध्ये कोण वाजवणार हेही बैठकीत ठराव मांडून, हात वर करून ठरायचं. गिटारवाल्याला अनुमोदक लागतो असा दुसरा बँड मी तरी ऐकलेला नाही.

पहिला ड्रमवाला नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेला. त्याच्या जागी खजिनदारांचा भाचा आला. त्याला ताल एकच यायचा, गणपतीतल्या झाकरी नाचाचा. तोच तो इंग्रजी गाण्यांनाही ठोकायचा. मग बासवाल्याला सरकारी नोकरी लागली. त्याने केस कापले आणि ओळख दाखवणं सोडलं. त्याच्यानंतरचा नुसता उभा राहायचा. नाचता येईना अंगण वाकडं, तसा तो अँप्लिफायरला दोष द्यायचा आणि मंडळ अँप्लिफायरची चौकशी नेमायचं.

मी मात्र पहिल्यापासून गात होतो. गाण्याशिवाय मला धड काहीच येत नव्हतं, म्हणून ती जागा मला जिवापाड प्रिय होती. शिवाय माझे वडील मंडळाचे चिटणीस. मला कोण हलवणार?

एका रविवारी सकाळी अध्यक्षांच्या मुलाला गाण्याची हुक्की आली. तो बैठकीत गायला. त्याचा सूर ऐकून मी तोंडावर रुमाल धरला. मग मतदान झालं. त्याच्या बाजूने हात भराभर वर गेले. मी फक्त वडिलांकडे पाहत होतो. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि हात वर केला.

घरी जाताना रागाने मला रडू येत होतं. शेवटी सोबत चालणारे वडीलच म्हणाले, "तुझा आवाज चांगला हाय. मे की पू फेर, गारसों? तुझ्या भनीचं लगीन त्या पोराशी जमतंय."

'पण काय करणार, पोरा' हे शरमेचं वाक्य आमच्याकडे क्रेओलमध्येच बोलतात.

स्वयंपाकघरात बहीण भाजी चिरत होती. माझ्यावर केवढा अन्याय झाला ते मी तिला साग्रसंगीत सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"तुझ्यासाठी बैठक तरी झाली," ती म्हणाली. "मला तर कुणी विचारलंबी नाय."